उखडलेले रेल्वेमार्ग, वाळवंटी (कृष्णधवल छायाचित्रण)

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटांत बंद पडलेल्या, बहुधा रूळही उपसून नेलेल्या लोहमार्गांचे भूदृश्यचित्रण. नावात रेल्वे असली, तरी या छायाचित्रांत गाडी नसते आणि पुष्कळदा रूळही नसतात. दिसतो तो मातीचा भराव, टेकडी कापून काढलेली वाट आणि कोरड्या ओढ्यात उभे राहिलेले पुलाचे लाकडी खांब.

हे मार्ग खाणींच्या आशेवर टाकलेले होते. बोरॅक्सचे उद्योगपती फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांचा टोनोपा अँड टाइडवॉटर मार्ग १९०७ मध्ये मोहावे वाळवंटातून नेवाडातील बुलफ्रॉग खाणपट्ट्यापर्यंत गेला. नावातले टोनोपा शहर किंवा समुद्रकिनारा यांपैकी काहीच त्याला गाठता आले नाही. १९४० मध्ये वाहतूक थांबली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलादासाठी त्याचे रूळ काढले गेले.

यूटातील प्रॉमंटरीची गत तीच. १० मे १८६९ रोजी तेथे दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ जुळले आणि अँड्र्यू जे. रसेल यांनी त्या सोहळ्याचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून जवळचा मार्ग निघाला, तेव्हा हा फाटा मागे पडला. १९४२ मध्ये तेथील रूळही गेले. भेटीचे ठिकाण आधी ठरलेले नसल्याने दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना ओलांडून पुढेपर्यंत समांतर भराव घातले होते. ते आजही शेजारी-शेजारी दिसतात.

तंत्राचा प्रश्न मुळात उजेडाचा आहे. माती, खडी आणि झुडपे यांचे रंग जवळजवळ एकच असल्याने भर दुपारी भराव जमिनीत विरून जातो. सूर्य खाली आला की त्याच्या एका कडेला सावली पडते आणि क्षितिजापर्यंतची रेघ उमटते. रंग वजा केल्यावर ही रेघच चित्राचा विषय बनते. रसेल यांच्या काळातील ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या रंगाला अतिसंवेदनक्षम असल्याने आकाश कोरे पांढरे येई. पुढे पँक्रोमॅटिक फिल्म आणि लाल फिल्टर यांनी ते हवे तेवढे काळे करता येऊ लागले. ही सोय नाट्यमय चित्रांच्या हव्यासापायी वारेमाप वापरली गेली आहे. काळ्या आकाशाखाली कोणताही ओसाड खांब भव्य दिसतो.

या मोहातून सुटलेले नाव मार्क रुवेडेल यांचे. १९९४ पासून त्यांनी मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याने जुने मार्ग टिपले. २००८ मध्ये त्यांचे ‘वेस्टवर्ड द कोर्स ऑफ एम्पायर’ हे पुस्तक निघाले. कापलेली टेकडी बरोबर समोरून, मधोमध, मऊ करड्या छटांत, आणि मुद्रिताखाली त्या रेल्वेचे नाव पेन्सिलीने लिहिलेले, अशी त्यांची मांडणी. एकेक चित्र साधे वाटते. ओळीने पाहिली की बुडालेल्या कंपन्यांची नोंदवही उघडल्यासारखे होते.

यूटातील जुन्या मार्गाच्या सुमारे १४५ किमी. लांबीवर आता मोटार नेता येते. वाटेत पाणी मिळत नाही आणि जुने खिळे टायरमध्ये घुसतात, म्हणून जादा चाके बरोबर ठेवावी लागतात.