एक रुपयाचा डाव

आमच्या घरात १९८२ साल दोन कारणांनी लक्षात राहिलं. १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणारे बाबा घरी बसले, ते कायमचे. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. मी तेव्हा तीन वर्षांची होते. रंगीत चित्र आणि रिकामे बाबा ही माझ्या बालपणाची जोडी.

संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. डॉ. दत्ता सामंत, साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, एकाच युनियनला बोलणी करण्याचा हक्क देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण या इतिहासातून एक दहा बाय बाराची खोली नेहमी सुटते. ती म्हणजे व्हिडिओ गेमचं पार्लर. गिरणगावाच्या इतिहासात तिला जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

लालबागला आमच्या चाळीखाली एका गाळ्यात तसं पार्लर होतं. दाराला मळकट पडदा, आत चार लाकडी डबे. डब्यात टीव्हीची नळी, खाली लोखंडी दांडा आणि बटणं, गुडघ्याशी नाणं टाकायची फट. एक रुपया, एक डाव. जपानमध्ये १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने ज्या खेळाचं वेड लावलं, त्याचंच हे लालबागपर्यंत पोचलेलं रूप. डबा वर्षानुवर्षं तोच राहायचा. आतला बोर्ड बदलला की खेळ नवा. बोर्ड बिघडला की पार्लर चालवणारे काका तो पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेत.

१९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ निघाला. पुढे तो आमच्याकडे आला, पण हे नाव कुणी घेतलं नाही. सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणायचे, कारण खेळातल्या चौघांपैकी मुस्तफा नावाचा गडी धावत येऊन अशी लाथ घालायचा की त्याच्यासाठी पोरांत भांडणं होत. चौघांत हॅना नावाची एक बाई होती. तिला कुणी घेत नसे. मुली पार्लरमध्ये जात नसत. मी दाराशी उभी राहायचे. तिसरा भिडू कमी पडला की दादा मला आत बोलवायचा आणि हॅना माझ्या वाट्याला यायची. मी तिच्यावर मनापासून प्रेम केलं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो.

आत उभी असायची ती पोरं सोळा ते वीस वर्षांची. संपाआधी त्यांच्या वयाची मुलं बापाच्या किंवा काकाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागत. सकाळी गेटवर जायचं, कुणाचा खाडा असला तर काम मिळायचं, नाहीतर परत यायचं. कष्टाची वाट होती, पण वाट होती. ती बंद झाली. गिरणीचा भोंगा वाजेना तेव्हा दिवस कुठे सुरू होतो तेच पोरांना कळेना. पार्लरला गेट नव्हतं, मुकादम नव्हता. रुपया असला की तुम्ही आत.

‘पोरं गेममुळे बिघडली’, हे वाक्य मी वाडीत हजारदा ऐकलं. ते खोटं होतं. काही ठिकाणी ‘व्हिडिओ गेम’च्या पाटीमागे पैशाचा जुगार चाले, हे खरं. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली कर्नाटकातल्या एका खटल्यात अशा यंत्रांना परवान्याची अट योग्य ठरवली. आमच्या काकांकडे पैज नव्हती. तरी शिव्या त्यांनाच बसल्या, कारण डब्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. रोजगार कुणी नेला, हे विचारणं अवघड होतं.

एकदा दादाला शोधत बाबा खाली आले. आम्ही दोघंही घाबरलो. बाबा मागे उभे राहिले. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते दादाची बोटं बघत होते. डाव संपल्यावर एवढंच म्हणाले, “हात चांगला आहे तुझा. साच्यावर टिकला असतास.” दोन साच्यांमध्ये उभं राहून तुटलेला धागा नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस होता तो. त्याने पोराच्या बोटांत आपलं कसब ओळखलं. त्या कसबाला लालबागमध्ये आता गिऱ्हाईक नव्हतं.

घरी खेळायचा संच म्हणजे श्रीमंती. निन्तेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला. आमच्या बाजारात पुढे त्याच्या स्वस्त नकला आल्या, पण त्याही आम्हाला परवडत नव्हत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे संच होता. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट फुंकून बसवायची आणि तेच ठरावीक खेळ पुन्हा पुन्हा निघायचे. त्या घरात मला ‘काँट्रा’ खेळायला मिळालं. पाणी मात्र वेगळ्या पेल्यातून मिळालं. विषमता हा शब्द मी नंतर वाचला. तो पेला मला आधीच माहीत होता.

पुढे प्रश्न आला तो गिरण्यांच्या जमिनीचा, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं आणि उरलेलं मालकांना. २००१ साली बदल करून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, आणि मॉलमध्ये गेम झोन. तिथे नाणं चालत नाही, कार्डात पैसे भरावे लागतात. मुलीला घेऊन मी गेले आहे. यंत्रं सुंदर आहेत. तिच्या आनंदात मी सामील झाले, पण दाराशी उभ्या पोराला कुणी आत बोलवत नाही, हे मला दिसलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मला ती पटते, घामाचे पैसे असे जाऊ नयेत. मात्र बंदीमागोमाग काम यायला हवं. आमच्या वेळी ते आलं नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. तिथे साचा असेल, धोटा असेल. माझी एवढीच मागणी आहे: त्या साच्याशेजारी दांडा झिजलेला एक लाकडी डबाही ठेवा. दोन्हींवर एकाच घरातले हात चालले आहेत.