प्लेगच्या जीवाणूचा पेशीप्रवेश : मुंबई (१८९६) ते मामला (१९९४) – एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपातून मराठवाडा सावरत असतानाच दुसरे संकट उभे राहिले. रेणापूर तालुक्याची सीमा ज्या बीड जिल्ह्याला भिडते, त्या जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरे सोडली, घरात साठविलेले धान्य उंदरांच्या तोंडी पडले व त्यांची संख्या वाढली, असे कारण तज्ज्ञांनी दिले. रोगजंतू माणसात नेमका कोठून शिरतो, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत कसे बदलले आणि त्याबरोबर समाजाचे व शासनाचे वर्तन कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरापासून त्वचेपर्यंत :
अलेक्झांडर येरसिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे रुग्णांच्या गाठींमध्ये प्लेगचा जीवाणू शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा रोगाचा जंतू माहीत होता. त्याचा मार्ग मात्र अज्ञात होता. रोग घरात, कपड्यांत व घाणीत दडलेला आहे असे गृहीत धरून घरझडत्या, सामानाची जाळपोळ आणि सक्तीचे विलगीकरण करण्यात आले. पुण्यातील या कारवाईतून उसळलेल्या असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाले. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगांतून उंदरावरील पिसू हीच रोगवाहक असल्याचे दाखविले. त्यांचे म्हणणे प्रथम मान्य झाले नाही. पुढे मुंबईतील प्लेग संशोधनाने त्यास पुष्टी दिली. पिसवेच्या अन्नमार्गात जीवाणूंचा बोळा साचतो व दंशाच्या वेळी ते त्वचेत उलटून पडतात, हे १९१४ मध्ये बॅकट व मार्टिन यांनी सिद्ध केले.

त्वचेपासून पेशीपर्यंत :
त्वचेच्या आत काय घडते, याचा उलगडा १९५९ मध्ये कॅव्हानॉ व रँडॉल यांच्या अभ्यासातून झाला. पिसवेच्या शरीरात, म्हणजे सुमारे २६ अंश सेल्सिअस तापमानात, वाढलेल्या जीवाणूवर संरक्षक आवरण नसते. त्यामुळे शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. काही पेशी त्याला मारतात. परंतु महाभक्षी पेशींमध्ये तो जिवंत राहतो व वाढतो. ३७ अंशांवर त्याचे आवरण तयार होते. बाहेर पडलेल्या जीवाणूला गिळणे मग अवघड होते.

१९८५ मध्ये राल्फ इसबर्ग व स्टॅन्ली फाल्को यांनी प्लेगच्या जीवाणूचा निकटचा नातेवाईक असलेल्या येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसमधील एक जनुक निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातले. तोही पेशींत शिरू लागला. या जनुकापासून बनणारे इन्व्हेसिन हे प्रथिन पेशीवरील इंटिग्रिन रेणूंना चिकटते व पेशी जीवाणूला आत ओढून घेते, हे १९९० पर्यंत स्पष्ट झाले. उल्लेखनीय बाब अशी की, प्लेगच्या जीवाणूत हेच जनुक निकामी झालेले आहे. पिसवेच्या दंशामुळे त्याला त्वचेखाली आयता प्रवेश मिळतो आणि पुढे रक्षक पेशीच त्याला आत घेतात. त्यानंतर तो सूक्ष्म सुईसारख्या रचनेतून स्वतःची प्रथिने रक्षक पेशींत सोडून त्यांची गिळण्याची क्षमता खुंटवितो.

मामला व सुरत :
मामलापाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार देशात ८७६ संभाव्य रुग्ण व ५४ मृत्यू झाले. हा प्लेगच होता काय, याविषयी वाद झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. २००० मध्ये हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या जनुकीय परीक्षणाने तो प्लेगचाच जीवाणू असल्यास दुजोरा दिला.

समारोप :
रोगप्रवेशाचे दार संशोधनाने घरापासून त्वचेपर्यंत आणि त्वचेपासून पेशीपर्यंत आत नेले. १८९७ मध्ये खरे दार ठाऊक नव्हते, म्हणून माणसांच्या घरांची दारे फोडली गेली. १९९४ मध्ये ज्ञान उपलब्ध होते, तरी ते लोकांपर्यंत पोहोचलेले नसल्याने भीतीने त्याची जागा घेतली. पेशीचे दार प्रयोगशाळेच्या कक्षेत येते; धान्याची कणगी, उंदराचे बीळ व पिसू ही बाहेरची दारे गावाच्या कक्षेत येतात. भूकंपग्रस्त भागाच्या पुनर्वसनात घरांइतकाच साठवलेल्या धान्याचा विचार व्हावा आणि महाविद्यालयांनी हे ज्ञान गावापर्यंत न्यावे, हाच मामलाच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.