वऱ्हाडच्या परसातील कोंबडी

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आल्यावर अमरावती-अकोल्याच्या कापसाचा हिशेब सरकारी दप्तरांत काटेकोर राहिला. परंतु खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवून, एकविसाव्या दिवशी निघालेली पिले डालग्याखाली झाकून, ज्वारीची कणी टाकीत घार-मुंगुसापासून राखणाऱ्या बायकांच्या उद्यमास त्या मानाने फारशी जागा मिळाली नाही. मेळघाटातील कोरकूंच्या अंगणात तो आजही चालू आहे. खरा वैरी मानमोडी! लसीची सोय होण्यापूर्वी तिची साथ आली की खुराडीच्या खुराडी ओस पडत. १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले, पुढे अंड्यांसाठी निपजविलेल्या संकरित जातीही गावोगाव पोहोचल्या. त्या अंडी विपुल देतात खऱ्या, पण सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून उबवणीस अद्याप गावठीच लागते.