काकडीची दह्यातली कोशिंबीर पाणचट का होते? कुरकुरीत आणि घट्ट ठेवण्याची पद्धत

उन्हाळ्यात जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला काहीतरी गार हवंच असतं आणि बहुतेक घरांत ते काम काकडीची कोशिंबीर करते. करायला दहा मिनिटं, विस्तवाचं काम फक्त फोडणीपुरतं. तरीही ही कोशिंबीर बिघडते आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने बिघडते. वाढताना घट्ट दिसते, दुसरी पोळी संपेपर्यंत ताटात पाणी पसरतं, भात ओला होतो आणि भांड्यात उरलेली कोशिंबीर ताकासारखी दिसू लागते.

यात दही वाईट नसतं आणि काकडीही वाईट नसते. अडचण मीठ कधी घातलं यात असते. ते एकदा समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

पाणी सुटतं म्हणजे नेमकं काय होतं?

काकडीचा सुमारे ९५ टक्के भाग पाणी असतो. हे पाणी पेशींमध्ये गच्च भरलेलं असतं आणि त्याच दाबामुळे काकडी चावताना कुरकुरीत लागते. मीठ घातलं की पेशींच्या बाहेर खारट द्रव तयार होतो आणि आतलं पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला ‘परासरण’ म्हटलेलं असतं. साखरही हेच काम करते, फक्त जरा हळू.

म्हणजे एकाच वेळी दोन नुकसानं होतात. पेशीतलं पाणी गेल्यामुळे काकडी मऊ पडते आणि तेच पाणी दह्यात मिसळून दही पातळ होतं. काकडी जितकी बारीक चिरलेली, तितक्या जास्त पेशी फुटलेल्या आणि तितकं पाणी लवकर सुटतं. म्हणूनच किसलेल्या काकडीची कोशिंबीर सर्वांत आधी पाणचट होते.

काकडी कोणती घ्यावी?

कोशिंबिरीसाठी मध्यम लांबीची, हाताला टणक लागणारी, टोकाकडे सुरकुती नसलेली काकडी घ्यावी. पिवळी पडू लागलेली किंवा पोटाशी फुगलेली काकडी जून असते. तिच्या बिया मोठ्या असतात आणि बियांभोवतीचा गर सर्वांत जास्त पाणी सोडतो. अशीच काकडी मिळाली तर उभी चिरून चमच्याने मधला भाग काढून टाकावा.

बाजारात हिरवी आणि पांढरट अशा दोन्ही काकड्या दिसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘हिमांगी’ आणि ‘फुले शुभांगी’ या जाती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या आहेत. हिमांगीची काकडी नावाप्रमाणे पांढरट असते. चवीसाठी रंगापेक्षा कोवळेपणा महत्त्वाचा. पावसाळ्यात कोकणात येणारं मोठं तवसं वेगळं. त्याची कोशिंबीर होते, पण बिया काढल्याशिवाय नाही.

फ्रिजमध्ये पडून काकडी मलूल झाली असेल तर चिरण्याआधी १५ ते २० मिनिटं अगदी गार पाण्यात बुडवून ठेवावी. पेशी पाणी परत ओढून घेतात आणि बराचसा कुरकुरीतपणा परत येतो.

कडू काकडी आणि पाण्याचं नातं

काकडी कडू लागते ती ‘कुकुरबिटासिन’ नावाच्या द्रव्यांमुळे. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या सगळ्या वेलवर्गीय कुटुंबात ही द्रव्यं असतात. किडीपासून आणि जनावरांपासून बचाव करण्यासाठी वेल ती तयार करतो. खाण्यासाठी निवडत आणलेल्या जातींच्या फळात ती फारच कमी असतात. पण कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांमुळे त्यांचं प्रमाण वाढू शकतं. शेतात पाणी नियमित मिळालं नाही की त्याची खूण ताटात अशी उमटते.

हे नातं वसई तालुक्यात नीट दिसतं. विरार स्टेशनच्या पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याच्या पट्ट्यात नंदाखाल हे गाव आहे. आज ते पालघर जिल्ह्यात येतं (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला). समुद्राजवळची रेताड जमीन, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि वाड्यांमधली ‘बावखलं’ यांवर इथली बागायत उभी राहिली. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं. ते वाडीला पाणी देतं आणि जमिनीत पाणी मुरवून आसपासच्या विहिरीही जिवंत ठेवतं. या पट्ट्यातली केळी, फुलं, भाजीपाला आणि दूध पिढ्यान् पिढ्या लोकलने मुंबईला जात आलं.

समुद्रकाठी गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीतून प्रमाणाबाहेर उपसा झाला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. काकडी खारं पाणी फारसं सहन करत नाही. वेल खुरटतो आणि फळ कमी धरतं. वसईची शेती, पाणी आणि झाडी टिकावी म्हणून ‘हरित वसई संरक्षण समिती’ने आंदोलन उभं केलं. त्याचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचेच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. बावखल बुजलं की पुढे काय होतं, हा प्रश्न शेतकऱ्यापुरता राहत नाही. वाडीतली कोवळी काकडी सकाळी तोडून दुपारी ताटात येणार, की लांबून दोन दिवसांचा प्रवास करून, हेही त्यावरच ठरतं.

आता स्वयंपाकघरातला भाग. कडूपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत जास्त असतो. देठाकडचा बोटाच्या दोन पेरांएवढा भाग कापून टाकावा आणि उरलेल्या काकडीची एक चकती चाखून मगच पुढे जावं. टोक कापून घासून फेस काढण्याची पद्धत घरोघरी आहे. पण भरवसा ठेवायचा तो टोक काढून टाकण्यावर आणि चाखण्यावर. काकडी पूर्ण कडूजहर लागली तर ती फेकून द्यावी. मीठ, साखर, दही यांनी चव झाकली तरी ते द्रव्य जात नाही आणि जास्त प्रमाणात पोटात गेलं तर उलट्या, जुलाब होऊ शकतात. दुधीच्या बाबतीतही डॉक्टर हीच सूचना देतात.

चिरायची कशी?

कोशिंबिरीची पारंपरिक रीत म्हणजे काकडी ‘कोचवणं’. काही घरांत याला ‘चोचवणं’ म्हणतात. सोललेली काकडी एका हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर उभे-आडवे घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापून घ्यायचा. असे थर घेत गेलं की ओबडधोबड, बारीक तुकडे पडतात. किसणीवर पेशी चिरडल्या जातात, कोचवताना त्या मानाने कमी फुटतात. त्यामुळे तुकडा बारीक असूनही दाताखाली करकरतो.

हे जमत नसेल तर सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. मिक्सर किंवा चॉपर वापरू नये.

दही घट्ट हवं, आंबट नको

पातळ दह्यात काकडीचं थोडंसं पाणी मिसळलं तरी ते वाहू लागतं. घट्ट दह्यात तेवढंच पाणी खपून जातं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा जास्त असतो, म्हणून त्याचं दही दाट लागतं.

दही मलमलच्या फडक्यात बांधून तासभर टांगून ठेवावं. पाणी निथळून ते चक्का आणि दही यांच्या मधल्या अवस्थेला येतं. तेवढं पुरतं. पूर्ण चक्का झाला तर कोशिंबीर कोरडी लागते. मऊपणा हवा असेल तर दोन चमचे ताजी साय फेटून घालावी. निथळलेलं पाणी टाकू नये. ते कणीक भिजवायला किंवा कढीत वापरता येतं.

चार जणांसाठी प्रमाण

- कोवळ्या काकड्या : ३ मध्यम (साधारण अर्धा किलो)
- घट्ट दही : दीड वाटी, तासभर टांगलेलं
- ताजी साय : २ चमचे (ऐच्छिक)
- भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट : ३ मोठे चमचे
- साखर : अर्धा ते १ चमचा
- मीठ : चवीनुसार
- कोथिंबीर : मूठभर, बारीक चिरलेली
- फोडणी : १ मोठा चमचा तूप किंवा तेल, अर्धा चमचा जिरं किंवा मोहरी, चिमूटभर हिंग, २ हिरव्या मिरच्या, ५-६ कढीपत्त्याची पानं

कृती

१. काकड्या वाहत्या पाण्याखाली धुवून घ्याव्यात. साल जाड असेल तर काढावी, कोवळी असेल तर पट्ट्यापट्ट्यांनी थोडी ठेवावी. देठाकडचं टोक कापून प्रत्येक काकडी चाखावी.

२. काकडी कोचवून रोळीत किंवा चाळणीत १० मिनिटं ठेवावी. मीठ घालू नये. चिरताना फुटलेल्या पेशींचं पाणी आपोआप खाली निथळतं.

३. फोडणी करून बाजूला ठेवावी. कोमट झाल्याशिवाय दह्यात ओतू नये. कडकडीत फोडणीने दही फुटतं आणि पाणी वेगळं होतं.

४. टांगलेलं दही, साय आणि साखर एकत्र फेटावी. त्यात फोडणी आणि कोथिंबीर मिसळून हे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावं. काकडी वेगळ्या भांड्यात झाकून तिथेच ठेवावी.

५. पानं वाढायला घेतली की काकडी दह्यात घालावी, मग कूट आणि सर्वांत शेवटी मीठ. दोनदा हलवून लगेच वाढावी.

कूट शेवटी घालण्याचं कारण चवीपलीकडचं आहे. शेंगदाण्याचं कूट सुटणारं पाणी शोषून घेतं आणि कोशिंबीर आणखी काही मिनिटं घट्ट राहते. फार आधी घातलं तर ते स्वतःच मऊ पडतं.

आधी मीठ लावून पिळलेली काकडी चालते का?

चालते, पण तो पदार्थ वेगळा. पाहुणे जास्त असतील आणि कोशिंबीर तासभर आधी कालवून ठेवायची असेल तर ही रीत उपयोगी पडते. काकडीला मीठ लावून १५ मिनिटं ठेवावी, हाताने हलकं पिळून पाणी काढावं आणि मग दह्यात घालावी. दह्यात पुन्हा मीठ घालण्याआधी चव पाहावी. अशी कोशिंबीर पाणचट होत नाही, मात्र काकडी कुरकुरीत न राहता लवचीक लागते. पिळलेलं खारट पाणी ताकात किंवा थालीपिठाच्या पिठात जातं.

ग्रीसमधल्या ‘त्झात्झिकी’मध्ये हीच युक्ती आहे. काकडी किसून, मीठ लावून पिळायची आणि घट्ट दह्यात लसूण, ऑलिव्ह तेलासोबत मिसळायची. इराणमध्ये दही-काकडीत सुका पुदिना घालतात. पोलंडमध्ये पातळ चकत्या आंबट सायीत घालून ‘मिझेरिया’ करतात. फोडणी आणि दाण्याचं कूट मात्र आपलं.

दही नको असेल तर

मासळीच्या जेवणात अनेक घरांत दही वाढत नाहीत. तिथे खमंग काकडी करावी. कोचवलेली काकडी, ओलं खोबरं, दाण्याचं कूट, लिंबू, साखर आणि वरून तूप-जिरं-मिरचीची फोडणी. हीच काकडी मोहरी, हिंग, हळद वगळून उपवासालाही चालते. वसईतल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो. मांस वर्ज्य असलेल्या दिवशी साध्या जेवणालाही ही काकडी शोभते.

नेहमी पडणारे प्रश्न

*कोशिंबीर किती वेळ बाहेर ठेवता येते?*
कडक उन्हाळ्यात दह्याची कोशिंबीर तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. डब्यात न्यायची असेल तर काकडी आणि दही वेगळं न्यावं, मिठाची पुडी सोबत ठेवावी.

*उरलेली कोशिंबीर वाचवता येते का?*
पाणी सुटलं असेल तर वरचं पाणी ओतून घट्ट दही आणि कूट वाढवावं. किंवा त्यातच कणीक आणि बेसन मिसळून धिरडी घालावीत. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये.

*काकडी घरी कशी टिकवावी?*
कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी. अगदी थंड भागात ती आतून पाणचट होते. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांच्याजवळ ठेवू नये. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे काकडी लवकर पिवळी पडते.

*काकडीने वजन कमी होतं का?*
१०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. पोट भरल्यासारखं वाटतं आणि शरीराला पाणी मिळतं, एवढंच. दही, साय, कूट आणि तूप घातल्यावर आकडा वाढतो, पण त्यासोबत प्रथिनं आणि कॅल्शियमही येतं. उन्हाळ्यातल्या दुपारी, जेवण जात नसताना, एक वाटी कोशिंबीर आणि भाकरी हे पुरेसं जेवण आहे.