क्लाऊड सॉफ्टवेअरची चाचणी : काय तपासावे, कुठे तपासावे



ट्रॉय आणि आसपासच्या आपल्या लोकांत कोणी गाड्यांच्या धंद्यात, तर कोणी आमच्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून सुरुवात गाडीपासूनच करू. १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या पेट्रोल मोटारींना ओबीडी-२ चे सॉकेट असते. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की कुठलाही मेकॅनिक तिथे आपला रीडर लावून कोड वाचतो. आतला कॉम्प्युटर कोणी बनवला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. क्लाऊडची टेस्ट लिहितानाही हाच नियम पाळावा.

टेम्पेस्टचा नियम

ओपनस्टॅक हे ओपन सोर्स क्लाऊड सॉफ्टवेअर रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१० साली सुरू केले. ते केव्हीएमवर चालते, व्हीएमवेअरवरही चालते. स्टोरेज आणि नेटवर्क ज्याचे त्याचे वेगळे. सगळीकडे समान असतो तो जाहीर एपीआय. म्हणून ओपनस्टॅकच्या ‘टेम्पेस्ट’ या टेस्ट-संचाने नियमच घालून घेतला आहे : डेटाबेसमध्ये थेट डोकवायचे नाही, हायपरवायझरला थेट हात लावायचा नाही. मशीनची मागणी एपीआयकडे करायची, ‘ॲक्टिव्ह’ होईपर्यंत एपीआयलाच विचारत राहायचे, मग एसएसएचने आत शिरून बघायचे. ग्राहकही हेच करतो.

आमची फजिती

एका जुन्या प्रोजेक्टवर आम्ही शॉर्टकट घेतला होता. मशीनच्या आकारांची, म्हणजे ‘फ्लेवर’ची नोंद आम्ही थेट नोव्हाच्या डेटाबेसमधून वाचत असू. २०१६ च्या न्यूटन रिलीजमध्ये ही माहिती वेगळ्या एपीआय डेटाबेसमध्ये हलवली गेली. एपीआयचे उत्तर तेच राहिले, ग्राहकाला पत्ताही लागला नाही. आमच्या टेस्ट मात्र धडाधड फेल! नसलेला बग शोधण्यात दोन रात्री गेल्या, पुण्याच्या टीमचीही झोपमोड झाली. त्याहून वाईट म्हणजे आम्हाला लाल रंगाची सवय झाली आणि त्या गर्दीत एक खरा बग निसटून थेट ग्राहकाकडे पोचला.

मग आतले तपासायचेच नाही?

जरूर तपासायचे, पण त्या त्या प्रोजेक्टच्या युनिट आणि फंक्शनल टेस्टमध्ये, कोडच्या शेजारी. जो कोड बदलतो तोच मग ती टेस्टही बदलतो. कुबरनेटीसनेही २०१७ पासून प्रमाणपत्रासाठी असाच समान टेस्ट-संच ठेवला आहे. कंपनी कुठलीही असो, परीक्षा तीच.

टेस्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारा :

१. हे वागणे एपीआयच्या कागदपत्रात लिहिलेले आहे का?
२. उद्या हायपरवायझर बदलला तरी ही टेस्ट पास व्हायला हवी का?
३. एररचा मजकूर शब्दशः जुळवतो आहोत का? बहुधा ४०४ सारखा स्टेटस कोड पुरतो.
४. हवी ती गोष्ट एपीआयमधून दिसतच नाही का? मग ती ग्राहकालाही दिसत नाही. डेटाबेस उघडण्याऐवजी एपीआयमध्ये भर घालण्याचा प्रस्ताव द्यावा. प्रोजेक्ट ओपन सोर्स असल्याचा फायदा तो हाच!

तुमच्याही अशा फजित्या असतीलच. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी जरूर सांगा.