ओल व भिंतींचे संरक्षण, नासिकमधील

घराच्या भिंतींत शिरणाऱ्या ओलीचा प्रतिबंध करण्याच्या नासिक शहरातील पद्धती. नासिकचे वार्षिक पर्जन्यमान सु. ७०० मिमी., म्हणजे जिल्ह्यातीलच इगतपुरीच्या मानाने फारच थोडे. परंतु जुनी वस्ती गोदावरीकाठी असल्याने येथील भिंतींना पावसाइतकेच नदीचे व जमिनीतील पाण्याचे भय असते. १९६९, २००८ व २०१६ सालच्या पुरांत काठावरील वस्तीत पाणी शिरले. पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगण्याचा लोकांत प्रघात आहे. भिंतीतील ओलीला असा मापदंड नाही.

पेशवेकालीन वाड्यांचे जोते काळ्या घडीव दगडाचे, त्यावर सागवानी खांब व तुळया आणि त्यांमधील भिंती विटांच्या वा मातीच्या असत. घट्ट बेसाल्टमधून केशाकर्षणाने पाणी फारसे वर चढत नाही. छपराच्या वळचणी पुढे काढल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळाचा चिकट रस इ. पदार्थ मिसळून गिलावा करीत. हा गिलावा सच्छिद्र असल्याने भिंतीत शिरलेली ओल पावसाळ्यानंतर वाळून जाई. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यातच स्फटिकरूप पावत व त्यास लोणा लागे. गिलावा झडे, भिंत मात्र वाचे. तो पुन्हा करावा लागणे हा त्याचा दोष नसून तेच त्याचे कार्य होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास चुन्याची सफेदी करण्याच्या प्रथेमागे सणाइतकाच भिंती वाळण्याचा काळही असावा.

विसाव्या शतकात सिमेंटचा प्रसार झाल्यावर अनेक जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविण्यात आला. नव्या बांधकामात, जोत्यावर ओलरोधक थर असल्यास, तो उपयुक्त ठरतो; मातीच्या भिंतीवर तो घातक होय. त्यामुळे आतील पाणी कोंडते, अधिक उंच चढते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजतात. बाहेरून मात्र वाडा धडधाकट दिसतो. जुन्या नासिकमध्ये पावसाळ्यात वाडे कोसळतात, त्यामागे हे एक कारण असते. वारसदार अनेक, भाडेकरू जुने व भाडे नाममात्र, अशा वाड्यांत दुरुस्ती कोणीच करीत नाही, हे दुसरे.

अलीकडील सदनिकांत जिप्समचे तक्ते व गिलावा रूढ होत आहेत. जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते व भिजल्यावर त्याचे बल घटते. म्हणून तक्ता फरशीपासून सु. १ सेंमी. वर ठेवतात आणि न्हाणीघरालगत मेण वा सिलिकोन मिसळलेले तक्ते वापरतात. पुराच्या पाण्यात बुडालेला साधा तक्ता बहुधा बदलावाच लागतो.