ताटातलं जेवण की खात्यातले पैसे?

आजची गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीची, म्हणजे २०११ साली सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीतली. भामरागड, एटापल्ली, जिवतीकडची पोरं शिकायला शहरात येतात. मग जेवायचं कुठे? वसतिगृहात, नाहीतर खानावळीत.

आता जरा मागे जाऊ. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागानं शहरांतल्या वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. मागणी साधी होती: पैसे नको, मेस द्या. पैसे उशिरा आले तर तोवर खायचं काय?

मार्च २०२० मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. लॉकडाऊन लागला, खानावळींना कुलूप. खात्यात पैसे असले तरी ताट वाढणार कोण? शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ वर आली, पण ती केंद्रावर, ठरल्या वेळेत आणि मोजक्याच संख्येत. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळू लागलं, पण पोराचं नाव गावच्या कार्डावर. तो भाड्याच्या खोलीत अडकला, तर त्याच्या वाट्याचा तांदूळ गावात.

गावी पोचलेल्यांना निदान घरची चूल होती. हंगाम मोहफुलांचा, पुढे तेंदूपत्त्याचा. तिथे शिकणारे हातही कामाला लागतातच.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक वाट बंद पडली तर दुसरी तयार ठेवतो. इथे कागदावर वाटा तीन होत्या. पण एकही वाट पोरासोबत त्याच्या खोलीपर्यंत जात नव्हती. २०१८ चे मोर्चेकरी हेच तर सांगत होते: हक्क ताटात दिसला पाहिजे.